मेथीचं वय: एका सुपरमार्केटच्या भाजी विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूड ते सिंहगड रस्ता या पट्ट्यात पाच-सहा दुकानं असलेली ही एक स्थानिक साखळी. दोन भावांनी किराणा दुकानापासून सुरुवात केली आणि हळूहळू सुपरमार्केट उभं केलं. ओळख पटू नये म्हणून मी ठिकाणाचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

सुरुवातीच्या वर्षांत या दुकानांची भाजी नावाजलेली होती. खरेदीला एक जुने गृहस्थ होते. ते पहाटे तीन-साडेतीनला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचे, आडत्यांच्या गाळ्यांवर फिरून माल हातात घेऊन बघायचे आणि सहाच्या आत टेम्पो भरून निघायचे. दुकानं दोनाची चार झाली तेव्हा एकट्या माणसाच्या हातून ते होईना. ते निवृत्त झाल्यावर मालकांनी खरेदी एका पुरवठादार कंपनीकडे सोपवली. तिचं संकलन केंद्र नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढे. जुन्नर, आंबेगाव, खेड भागातला माल तिथे उतरतो, निवडला जातो, क्रेटमध्ये भरून दुकानांना जातो. पावती पक्की, वजन चोख, दर आठवडाभर ठरलेला. मालकांच्या डोक्याचा ताप गेला. पुढची दोन-तीन वर्षं कोणाला काही खटकलंही नाही.

मी फलोत्पादनाची पदवी घेऊन काढणीनंतरच्या हाताळणीचं काम करते. मला बोलावलं तेव्हा थोरल्या भावांनी एवढंच सांगितलं, "मॅडम, भाजी चांगली दिसते, पण गिऱ्हाईक परत येत नाही."

तक्रार नेमकी काय होती

किराणा विकला जात होता. साबण, डाळी, बिस्किटं, कशातच घट नव्हती. भाजीच्या कोपऱ्यात मात्र जुन्या गिऱ्हाईक बायका थांबेनाशा झाल्या होत्या. सामान घेऊन त्या बाहेर पडायच्या आणि पदपथावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून मेथी-कोथिंबीर घेऊन घरी जायच्या. गल्ल्यावरच्या मुलींना हे रोज दिसत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तक्रारवहीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या होत्या. पालेभाजी दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येच पिवळी पडते. टोमॅटो लालबुंद दिसतो, पण त्याला ना आंबटपणा ना वास, आणि तो शिजतही नाही. भेंडी आणि काकडी घरी नेल्यावर काळी पडते, बुळबुळीत होते. बऱ्याच जणींनी पुढे जोडलं होतं की "काहीतरी पावडर मारत असतील" किंवा "इंजेक्शन दिलेला माल आहे."

हा संशय मी बाजूला सारला नाही, कारण तो येण्यामागे कारण आहे. कार्बाइडने फळं पिकवण्यावर देशात बंदी आहे, तरी ते वापरलं जाण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतातच. पिकवण्यासाठी इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, वापरायला परवानगी आहे आणि पुरवठादाराकडे केळी त्याच पद्धतीने पिकत होती. त्याची खोली, नोंदी, सगळं मी पाहिलं. तिथे खोट नव्हती. भाजीला कोणी काही लावत नव्हतं. लोकांना खराब लागत होतं ते भाजीचं वय.

मेथीच्या जुडीचा माग

आकडे मागण्याआधी मी एका मेथीच्या जुडीच्या मागे जायचं ठरवलं. पालेभाजी काही लपवू शकत नाही. पान तोडलं तरी श्वास घेत राहतं, त्यातली साखर जाळत राहतं, पाणी सोडत राहतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. वजनाच्या ३ ते ५ टक्के पाणी गेलं की पान लुळं पडतं. त्याची फडफड एकदा गेली की पाणी शिंपडून दिसायला परत येते, टिकायला येत नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या त्या शेतात मजूर बाया घरचं आवरून दहाच्या सुमारास आल्या. मेथी उपटायला लागेपर्यंत ऊन चढलं होतं. जुड्या बांधून बांधावर ठेवल्या, चार वाजता पाण्यात बुडवून क्रेटमध्ये भरल्या. पाच-साडेपाचला पिकअप आली. वाटेत आणखी तीन ठिकाणी थांबत ती रात्री आठच्या पुढे केंद्रावर पोहोचली. निवड-मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण रात्रपाळीत पालेभाजीला माणसं नव्हती. दुकानांच्या मागणीप्रमाणे वाटणी दुपारी, गाडी भरणं रात्री, दुकानात उतरवणं पहाटे पाच वाजता. आठ वाजता दार उघडलं आणि मेथी मांडणीवर आली, तेव्हा ती उपटून चाळीस तासांच्या वर झाले होते. दुकानाच्या दृष्टीने तो 'आजचा ताजा माल' होता. त्यातल्या उरलेल्या जुड्या दुसऱ्या दिवशीही मांडल्या जायच्या.

बाहेरच्या मावशींना मी विचारलं. त्यांची मेथी आदल्या दिवशी संध्याकाळी उपटलेली, रात्री यार्डात आलेली, पहाटे त्यांनी उचललेली. पंधरा-सोळा तासांची. त्यांच्याकडे ना शीतगृह ना वातानुकूलन, फक्त ओलं गोणपाट. तरी त्यांची भाजी दुकानातल्या भाजीपेक्षा एक अख्खा दिवस लहान होती. मालकांना हा हिशेब कागदावर मांडून दिला तेव्हा धाकटे भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही गाडीचं भाडं देऊन भाजी शिळी करून घेतोय?" मी हो म्हटलं. त्यावर गोड बोलण्यासारखं काही नव्हतं.

घटीचा आकडा

आता प्रश्न होता की हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. सगळे आकडे तर चांगले होते. भाजी विभागाची घट, म्हणजे फेकाव्या लागलेल्या मालाचं प्रमाण, वर्षागणिक कमी होत आली होती. पुरवठादाराला त्याबद्दल शाबासकी मिळत होती, विभागप्रमुखांना बोनस.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. जे मोजलं जात होतं ते सडणं. शिळं होणं कुठेच मोजलं जात नव्हतं. आपल्याकडे मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. काढणीनंतरच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या लुधियानाच्या 'सिफेट' या संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत काढणीनंतरचं नुकसान भाज्यांमध्ये ४.५८ ते १२.४४ टक्के आणि फळांमध्ये ६.७० ते १५.८८ टक्के निघालं. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते वाया गेलेल्या मालाचे आहेत. जो माल विकला गेला, खाल्ला गेला आणि बेचव निघाला, त्याची नोंद अशा हिशेबात येत नाही.

घट कमी करायचं एकदा ठरलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप एका दिशेने जातात. विभागप्रमुखांना सगळे काका म्हणत. काका मेहनती, प्रामाणिक माणूस. त्यांनी जे केलं ते आकड्याने त्यांच्याकडून करवून घेतलं. माल संपायच्या आत नवा मागवायचा नाही. कमी खपणाऱ्या भाज्या आठवड्यातून तीनदाच मागवायच्या. उरलेल्या जुड्यांची पिवळी पानं काढून, दोनाची एक बांधून पुन्हा मांडायच्या. आणि कोबी. कोबीचा गड्डा आला की बाहेरची हिरवी पानं असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कडा सुकल्या की एक थर काढायचा, चौथ्या दिवशी आणखी एक. मी एका कपाटाशी उभी राहून पाहिलं तेव्हा सगळे गड्डे पांढरे, घट्ट, मुठीएवढे लहान झाले होते. हिरव्या पानाचा मागमूस नव्हता. काढलेली पानं 'साफसफाई' या खात्यात जात, घटीत धरली जात नसत. तो कोबी किती दिवसांचा होता हे काकांनाही सांगता आलं नाही, कारण क्रेटवर काढणीची तारीख लिहायची पद्धतच नव्हती. दुकानात आल्याची तारीख होती, तीही फक्त संगणकात.

पुरवठादाराला दिलेलं मालाचं वर्णनही मी वाचलं. टोमॅटो: आकार एकसारखा, डाग नाही, कडक. 'कडक' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्यामुळे जाड सालीची, लांब पल्ल्याला चालणारी वाणं हिरवी असतानाच तोडून येत. चव, वय, पिकण्याची अवस्था यांचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नव्हता. ज्या शेतकऱ्याने घरच्यासाठी वेगळा, पातळ सालीचा टोमॅटो लावलेला असतो, त्याला दुकानासाठी हा दुसरा लावावा लागतो, यात मला फार वाईट वाटतं.

एकच थंडी सगळ्यांना

दुकानाच्या मागे एक शीतखोली होती, ४ अंशांवर. रात्री सगळी भाजी-फळं त्यात जायची आणि सकाळी बाहेर यायची. मालकांना वाटत होतं, यात तरी आपण यार्डातल्यांच्या पुढे आहोत.

पालेभाजीला थंडी हवीच, ४ काय, ० ते २ अंश मिळाले तर उत्तम, आणि दमटपणा ९५ टक्क्यांच्या आसपास. पण भेंडीला ७ अंशांखाली इजा होते, वांग्याला आणि काकडीला १० च्या खाली, हिरव्या टोमॅटोला १२-१३ च्या खाली, केळ्याला १३ च्या खाली. ही इजा खोलीत असताना दिसत नाही. माल बाहेर काढला, ऊब लागली, की दिसू लागते. भेंडीच्या शिरा काळवंडतात, काकडीवर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या आतल्या बिया तपकिरी होतात. दुकानात भाजी ठीक आणि घरी खराब, या तक्रारीचं उत्तर हे होतं. टोमॅटोचं तर फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं आहे. ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या फळात वास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि नंतर उबेत ठेवलं तरी वास पूर्वीसारखा परत येत नाही.

त्यात भर म्हणजे त्याच खोलीत सफरचंदाच्या पेट्या आणि पिकत आलेल्या पपया होत्या. ही फळं इथिलीन सोडतात. बंद जागेत शेजारी कोथिंबीर-पालक असले की ते लवकर पिवळे पडतात. बाहेर मांडणीवरही केळ्यांचे घड पालेभाजीच्या डोक्यावर टांगले होते, कारण तिथे ते रंगसंगतीला शोभत होते.

समोरचे पर्याय

बैठकीला दोघे भाऊ, काका, खरेदी बघणारा तरुण व्यवस्थापक आणि मी होते. पाच वाटा टेबलावर आल्या.

पहिली वाट थोरल्या भावांना सर्वात आवडलेली: भाजीचा कोपरा बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा. तो भाडं देईल, घट त्याची. अनेक दुकानं असं करतात. मी याला ठाम विरोध केला. ठेकेदारही घटच मोजणार, आणि आता भाजी किती जुनी आहे हे विचारायचा हक्कही मालकांकडे राहणार नाही.

दुसरी, यार्डातून रोजची खरेदी पुन्हा सुरू करायची. माल तरुण मिळतो हे मावशींनी दाखवलंच होतं. अडचण माणसाची. पहाटे तीनला जाणारा, मालाची पारख असणारा आणि विश्वासाचा माणूस पगारावर मिळणं अवघड झालं आहे. शिवाय यार्डात प्रत रोज बदलते.

तिसरी, थंडी वाढवायची. वातानुकूलित गाड्या, थंड कपाटं. व्यवस्थापकाने याचा खर्च काढून आणला होता. खर्चापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. थंडी वय वाढणं मंद करते, उलटं फिरवत नाही. शेतातल्या उन्हाचा ताप पोटात घेऊन तीस तास फिरलेली मेथी महागड्या कपाटात ठेवली तर ती महाग होईल, ताजी होणार नाही.

चौथी, पालेभाजीपुरतं जवळच्या शेतकऱ्यांकडून थेट घ्यायचं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे आवाराबाहेर थेट खरेदीला कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. हवेली तालुक्यात सिंहगडाच्या बाजूच्या गावांत पालेभाजी होते आणि ती दुकानांपासून तासाभराच्या आत आहेत.

पाचवी वाट काकांनी सुचवली आणि ती त्या बैठकीतली सर्वात शहाणी सूचना होती: भाज्यांचे प्रकार कमी करायचे. कपाट भरलेलं दिसावं म्हणून ब्रोकोली, झुकिनी, तीन रंगांच्या ढोबळी मिरच्या ठेवल्या जात. खप थोडा, म्हणून त्या सर्वात जुन्या, आणि त्यांना वाचवण्यात मुलांचा वेळ जातो. धाकट्या भावांनी ही सूचना तिथल्या तिथे मान्य केली.

शेवटी निर्णय मिश्र झाला. कांदा, बटाटा, गाजर, कोबी, फ्लॉवर हा दमदार माल केंद्रातूनच, पण काढणीची तारीख क्रेटवर चिकटवलेली असेल तरच घ्यायचा. पालेभाजी थेट गावातून. शीतखोलीत भिंत घालून दोन भाग करायचे. आणि घटीच्या बरोबरीने 'वय' हा दुसरा आकडा रोज लिहायचा.

गावातली बोलणी

पहिली बैठक फिसकटली. मालकांना केंद्रासारखाच आठवड्याचा ठरलेला दर हवा होता. एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, "साहेब, बाजार चढला की तुम्ही दर धरून बसता आणि पडला की माल परत पाठवता. आमचं दोन्हीकडून जातं." परत पाठवणं हा खरा सल होता. दुकानात उतरवल्यावर दुपारी 'प्रत बसत नाही' म्हणून आलेली मेथी शेतकऱ्याने कुठे विकायची? तोवर यार्ड उठलेलं असतं.

दुसऱ्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. दर त्या दिवशीच्या मार्केट यार्डाच्या दरावर, वर गाडीभाडं आणि निवडीची ठरावीक रक्कम. आणि निवड गावातच, गाडी भरताना, दुकानाच्या माणसासमोर. एकदा गाडीत चढलेला माल दुकानाचा. या दुसऱ्या अटीला व्यवस्थापक कचरत होता. मी आग्रह धरला, कारण या अटीमुळेच दुकानाचा माणूस पहाटे शेताकडे जाईल आणि मालाची पारख शिकेल. पुढे तसंच झालं. काकांचा पुतण्या ते काम करू लागला आणि दोन-तीन महिन्यांत जुडीच्या मुळांची माती बघून ती कधी उपटली हे सांगू लागला.

काढणीच्या वेळेचा पेच मोठा होता. पुस्तकात लिहिलेलं असतं, पालेभाजी भल्या पहाटे काढावी. पहाटे पाचला मजूर बाया येणार कशा? त्यांचीही घरं आहेत, पाणी भरायचं असतं, मुलांचे डबे असतात. शिवाय दवाने भिजलेली मेथी तशीच रचली तर आतून उबते आणि कुजते. माल देणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातल्या एका ताईंनी सुचवलं, संध्याकाळी पाचनंतर उपटू, ऊन उतरलेलं असतं, बायाही थांबतील. रात्र कुठे काढायची एवढाच प्रश्न.

त्याला दिल्लीच्या पुसा संस्थेचा, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना उपाय कामाला आला: शून्य ऊर्जा शीतकक्ष. विटांची दुहेरी भिंत, मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या फटीत वाळू, ती सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. विजेची गरज नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी खाली राहतं आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास. गटाने दोन कक्ष बांधले, विटा-वाळूचा खर्च दुकानाने उचलला. संध्याकाळी उपटलेली, पाणी निथळलेली मेथी रात्रभर त्यात राहायची, पहाटे साडेपाचला गाडीत चढायची आणि सातच्या आत दुकानात. चौदा-पंधरा तास. बाहेरच्या मावशींच्या बरोबरीला आलो.

काय साधलं, काय नाही

पहिले दोन महिने आकडे बिघडले आणि हा या प्रकरणातला सर्वात नाजूक काळ होता. नव्या नियमाप्रमाणे एक दिवस उलटलेली पालेभाजी मांडणीवर ठेवायची नव्हती. साहजिकच घट वाढली. थोरल्या भावांनी सगळं थांबवण्याचा विचार बोलून दाखवला. मी त्यांना दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायला सांगितलं: फेकलेल्या जुड्या, आणि भाजी घेतलेल्या बिलांची संख्या. दुसरा आकडा हळूहळू चढत होता. त्यांनी आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात संध्याकाळी सातनंतर उरलेल्या पालेभाजीला निम्मा दर लावायला सुरुवात झाली. गिऱ्हाईक सातचीच वाट बघेल ही त्यांची भीती होती. काही जण बघू लागलेही. पण सकाळी भाजी घेणाऱ्या बायका वेगळ्या आणि कामावरून परतताना घेणारे वेगळे निघाले. घट पुन्हा उतरली, जुन्या पातळीपेक्षा जरा वरच राहिली, आणि मालकांनी ती स्वीकारली.

शीतखोलीतल्या भिंतीने भेंडी-काकडीच्या तक्रारी जवळपास संपल्या. खर्चाच्या मानाने हा सर्वात स्वस्त बदल होता. केळी पालेभाजीपासून हलवली. टोमॅटो थंडीतून बाहेर आला आणि 'कडक' हा शब्द काढून 'रंग फिरलेला' असं लिहिलं. वास थोडा सुधारला. दबून फुटणारा मालही वाढला, त्यासाठी क्रेट अर्धेच भरावे लागले, भाडं वाढलं. वाण मात्र तेच राहिलं, त्यामुळे टोमॅटोबद्दल मी समाधानी नाही.

पावसाळ्यात योजना लंगडी पडली. हवाच दमट असली की वाळूतलं पाणी उडत नाही आणि शीतकक्ष नुसती विटांची खोली होते. जुलै-ऑगस्टमध्ये मेथी-कोथिंबीर शेतातच सडत होती. पुतण्या रिकाम्या हाताने परतायचा. व्यवस्थापकाने तेव्हा केंद्रातून जुनी पालेभाजी मागवून मांडणी भरली आणि दोन आठवड्यांत जुन्या तक्रारी पुन्हा आल्या. आणखी एकदा धक्का बसला तो यार्डात कोथिंबिरीचा दर अचानक चढला तेव्हा. गटातल्या काहींनी माल तिकडे नेला. आमचा दर त्या दिवशीच्या यार्डाच्या सरासरीवर होता आणि चांगल्या जुडीला यार्डात त्याहून जास्त मिळत होतं. मालक चिडले. मला शेतकऱ्यांची बाजू पटते. वर्षभर उतरत्या दरात ज्याने माल दिला त्याने चार दिवस चढत्या दरात कमावले तर त्याला दगा म्हणू नये.

फळांच्या बाबतीत फारसं काही हाती लागलं नाही. काश्मीर-हिमाचलचं सफरचंद साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरतं आणि कमी प्राणवायूच्या शीतगृहात महिनोन्‌महिने राहतं. मे महिन्यात मिळणारं फळ सात-आठ महिन्यांचं असतं, हे काही गुपित नाही. ते शीतगृहातून निघाल्यावर दुकानात उघड्यावर आठवडाभर बसलं की भुसभुशीत होतं. पेट्या थंडीतच ठेवून रोज लागतील तेवढीच फळं बाहेर काढायची, एवढं करता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

काकांचा बोनस आम्ही चौथ्या महिन्यात बदलला. त्यात घटीबरोबर वयाचा आकडा धरला. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. तीन महिने त्यांना एका बाजूने जुनी भाजी काढायला सांगितलं जात होतं आणि दुसऱ्या बाजूने त्याच कामासाठी त्यांचे पैसे कापले जात होते. त्यांनी ते मुकाट्याने सोसलं. कुठल्याही दुकानात हे काम सुरू करणाऱ्याने भाजीच्या आधी पगारपत्रक बघावं असं मी सांगेन.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करता आली असती. पालेभाजी कमी, आणि तिच्या जागी घोसाळी, दोडका, पडवळ, दुधी या वेलभाज्या. आपल्याकडच्या घरांत पावसाळ्यात पालेभाजी कमीच खायची रीत आहे. मग दुकानानेही तसा फलक लावून रिकामं कपाट रिकामं ठेवलं असतं तर गिऱ्हाइकाला ते समजलं असतं. दुकान चालवणाऱ्यांना रिकाम्या कपाटाची इतकी भीती असते की ते भरण्यासाठी विश्वास मोडतात.

गिऱ्हाइकांना काढणीची तारीख दाखवायची की नाही यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. क्रेटवरची चिठ्ठी आतल्या लोकांसाठीच राहिली. थोरल्या भावांचं म्हणणं, बटाट्यावर तीन महिन्यांपूर्वीची तारीख बघून लोक घाबरतील. माझं म्हणणं, पालेभाजीपुरतं तरी 'काल संध्याकाळी उपटली' एवढं लिहा. बाहेरच्या मावशींना कोणी विचारलं तर त्या सांगतातच.

आणि एक गोष्ट करारातून राहूनच गेली. हिवाळ्यात मेथीची लाट येते, जुडी मातीमोल होते. तेव्हा दुकानाने ठरल्याहून जास्त माल घेतला नाही आणि गटाला उरलेली मेथी पुण्याजवळच्या मांजरी गावच्या बाजारात मिळेल त्या भावाला द्यावी लागली. तेजीत आमच्याकडे या म्हणायचं आणि मंदीत दार लावायचं, हे टिकणारं नाही. येत्या हंगामासाठी, यार्डातला दर ठरावीक पातळीखाली गेला तर दुकानाने किमान किती जुड्या आणि कोणत्या तळदराने घ्यायच्या, याचं कलम घालायचं ठरलं आहे. जुड्यांच्या संख्येवर दोन्ही बाजू राजी आहेत. तळदरावर बोलणी चालू आहेत.